माळ्यावरचा वायरमन

४ फेब्रुवारी, बुधवार

धाकट्या बहिणीनं पाठवलेलं खोकं आज आलं. आत कॅमेरा. मुठीएवढा, पांढरा, एका डोळ्याचा. तो आईच्या खोलीत लावायचा आणि तिनं तिकडे तिच्या शहरात बसून फोनवर आईला बघायचं. मी संध्याकाळी दुकानातून आलो तर खोकं टेबलावर उघडून ठेवलेलं होतं आणि बायको आत स्वच्छ भांडी पुन्हा घासत होती.

फोन लावला. म्हटलं, "हे काय आहे?"

"कॅमेरा आहे, दादा."

"ते दिसतंय. कशाला?"

"मला आई दिसावी म्हणून."

"मी आहे ना इथं. मला दिसत नाही का आई?"

ती म्हणाली, "एक तर कॅमेरा लाव, नाहीतर मी तिला इकडे घेऊन येते. यावर मी आता भांडणार नाही."

भांडणार नाही म्हणे. भांडण पेटीत घालून घरपोच पाठवलं आणि वर भांडणार नाही. वडील गेल्यावर घरात कुणीतरी राहायला हवं होतं म्हणून मी गावातल्या शाळेपुरताच शिकलो. ही शिकली, नोकरीला लागली, लांब गेली. त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. आणि आता माझ्यावर पहारा.

आईला दोन वर्षांपासून माणसं ओळखू येत नाहीत. कानही गेले. तिला काही सांगायचं तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. सकाळच्या गोळ्या मी देतो, रात्रीच्या मी देतो. गोळी गालात धरून ठेवते आणि मी वळलो की उशीखाली थुंकते. हे फोनवर बसून काय कळणार आहे?

झोपण्याआधी प्रार्थना केली. देवा, माझ्या बहिणीला सुबुद्धी दे. मग वाटलं, प्रार्थनेत टोमणा मारू नये. पुन्हा नीट केली. पण पहिलीच मनापासूनची होती.


५ फेब्रुवारी, गुरुवार

इंटरनेटवाला येऊन गेला. हातातल्या यंत्राकडे बघत घरभर फिरला आणि म्हणाला, "मागच्या खोलीत सिग्नल पोचत नाही. भिंती जाड आहेत तुमच्या. वायरच टाकावी लागेल."

वायर टाकायची म्हणजे पुढच्या खोलीपासून दाराच्या चौकटींवरून, पॅसेजमधून, पांढरी पट्टी ठोकत न्यायची. म्हटलं, घर आहे हे, दवाखाना नाही.

"मग माळ्यावरून न्या. दिसणार नाही. पण आमची माणसं माळ्यावर चढत नाहीत. कंपनीचा नियम आहे."

"कसला नियम?"

"माणसं पडतात, त्याचा."

वायरीचं भेंडोळं ठेवून गेला. जाताना तेवढं सांगितलं की याच वायरीतून कॅमेऱ्याला वीजही जाते आणि चित्रही येतं. घरातल्या विजेच्या तारांपासून हातभर लांब ठेवा, आणि ओलांडायचीच वेळ आली तर आडवी ओलांडा, त्यांच्या बरोबरीनं नेऊ नका.

बायको म्हणाली, "कुणाला तरी बोलवा. तुम्ही नका चढू."

मी चढणार. माझ्याच घरात माझ्यावर नजर ठेवायची तर त्याची तारही मीच ओढतो. निदान काम तरी सरळ होईल.


८ फेब्रुवारी, रविवार

दुकान बंद. प्रार्थना आटोपून माळ्यावर चढलो. पॅसेजच्या छताला झडप आहे, ती किती वर्षांत उघडली नव्हती कुणास ठाऊक. डोक्यानं ढकलली तेव्हा सगळी वर्षं एकदम तोंडावर आली.

वर उभं राहता येत नाही. तुळयांवर गुडघे टेकून रांगायचं, कारण मधल्या फळ्या इतक्या पातळ की हात जोरात टेकला तर खालच्या खोलीत बोटं निघतील. ज्या सुतारानं हे छत केलं त्याला मी आज मनातल्या मनात जे जे म्हटलं ते इथं लिहीत नाही. तो आता देवाघरी आहे आणि तिथं तरी त्यानं नीट काम करावं.

पुढच्या खोलीत कपाटामागे भोक पाडून वायर वर घेतली. मग एका हातात टॉर्च, काखेत भेंडोळं, दर दोन तुळयांमागे एक चिमटा ठोकत पुढे. गांधीलमाशीचं जुनं पोळं, फुटका आरसा, गुंडाळलेली गादी. गादीखालून उंदीर निघाला. तो माझ्याकडे पाहून थांबला. त्यालाही प्रश्न पडला असणार.

आईच्या खोलीवर पोचेपर्यंत सदरा काळा झाला होता. कोपऱ्यात फळीला अंगठा जाईल एवढं भोक पाडलं. भुसा खाली पडला. आई बाहेर उन्हात बसली आहे असं मी धरून चाललो होतो. पण खालून आवाज आला, "कोण आहे वर?"

मी दचकलोच. आवाज खणखणीत. गेल्या कित्येक महिन्यांत तिनं आपणहून मला एक प्रश्न विचारलेला नाही.

मी आहे म्हणून सांगितलं असतं तर मी कोण, हे सांगावं लागलं असतं, आणि तिथून पुढे रोजचंच. घशात धूळ होती. हळूच म्हटलं, "वायरमन."

"काय करतोस?"

"वायर टाकतोय, मावशी."

मावशी कसं तोंडात आलं कुणास ठाऊक. दुसऱ्याच्या घरी काम करणारा माणूस तेच म्हणेल.

"सावकाश कर रे बाबा. जेवलास का?"

"नाही अजून."

"खाली आलास की त्या मुलीला सांग. ती देईल. चांगली आहे ती."

ती मुलगी म्हणजे माझी बायको. मी भोकाला डोळा लावला. आई पलंगावर बसून छताकडे बघत होती आणि हसत होती.

मला इतका आनंद झाला की उतरताना स्टूल हुकलं. अंग झटकून थेट खोलीत गेलो आणि मोठ्यानं विचारलं, "आई, आज बरं वाटतंय का?"

तिनं भिंतीकडे तोंड केलं. म्हणाली, "हो. तुम्ही बसा."

मला तुम्ही म्हणाली. ज्या वायरमनचं तिनं तोंड पाहिलं नाही त्याला तू आणि बाबा, आणि पोटच्या पोराला तुम्ही. मी खिडकी लावून घेतली. ती जरा जोरात लागली.

एक गोष्ट कळत नाही. वरून मी अगदी हळू बोलत होतो, तरी तिला शब्दन् शब्द ऐकू गेला. पातळ फळ्यांत आवाज घुमत असेल, पेटीत घुमतो तसा.


१० फेब्रुवारी, मंगळवार

आज मन थाऱ्यावर नाही. तरी लिहितो.

दुकान उघडायच्या आधी थोडा वेळ होता म्हणून वर गेलो. एक चिमटा सुटला होता. खरं तर तो काही सुटला नव्हता. आईशी बोलायला गेलो होतो.

"वायरमन, आलास का?"

"आलो, मावशी."

"एक सांगू का? कुणाला बोलू नकोस."

"नाही बोलत."

"इथं एक माणूस येतो." तिनं दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. "ओरडतो. हात धरतो, असा." तिनं आपलंच मनगट दुसऱ्या हातानं आवळून दाखवलं. भोकातून मला दिसलं.

"कोण माणूस?"

"मला काय ठाऊक. मोठा आहे. दारात उभा राहिला की उजेड जातो. मी आपली गप्प बसते. गप्प बसलं की लवकर जातो."

"मारतो का?"

"नाही. मारेल असं वाटतं."

मी तसाच पालथा पडून राहिलो. तुळई छातीत रुतत होती. माझ्या घरात, मी दुकानात लोकांना औषधं देत उभा असताना, कुणीतरी माझ्या आईचा हात धरतो आणि तिच्यावर ओरडतो. आणि ती हे मला सांगत नाही, परक्या वायरमनला सांगते.

दुकानात दोन गिऱ्हाइकांना चुकीचे पैसे परत दिले. मालकांनी विचारलं, बरं नाही का. म्हटलं, झोप नाही.

बहिणीचा कॅमेरा मला नको होता. आता मलाच हवा आहे. त्या माणसाला मी रंगेहाथ धरणार आहे. देवा, क्षमा करायची बुद्धी दे, पण आधी तो सापडू दे.


११ फेब्रुवारी, बुधवार

व्यायामवाल्याला काढून टाकलं.

एक दिवसाआड येतो, आईचे हातपाय हलवून घेतो. हात धरणारा तोच. दुसरा कोण असणार? धिप्पाड आहे, दारातून वाकून येतो. आज त्याच्यासाठी मुद्दाम थांबलो. म्हटलं, "उद्यापासून यायचं नाही."

"काय झालं, काका?"

"आईवर आवाज चढवतोस तू. हात ओढतोस."

तो बघतच राहिला. "मी? असं कोण म्हणतं?"

"तीच म्हणते."

"काका, आजी माझ्याबरोबर गाणी म्हणतात. पाय उचलायचा तर आधी कडवं पूर्ण होऊ द्यावं लागतं."

"मला शिकवू नकोस. निघ."

त्यानं माझ्या बायकोकडे पाहिलं. तिनं फरशीकडे पाहिलं. त्यानं आपला रबरी चेंडू आणि पट्टा पिशवीत टाकला, आईच्या खोलीच्या दाराशी जाऊन "येतो हं आजी" म्हणाला आणि गेला. चोराच्या उलट्या बोंबा, मी मनात म्हटलं.

बायकोला म्हटलं, "तू दिवसभर घरात असतेस. तुला दिसत नाही का इथं काय चाललंय?"

"दिसतं," ती म्हणाली.

"मग बोलत का नाहीस?"

"चहा टाकू का?"

हे असं आहे. घरात आग लागली तरी ही चहाचंच विचारणार.

दुकानात आज एक आजोबा आले होते. तीच गोळी कधी घ्यायची ते पुन्हा पुन्हा विचारत होते. मी न कंटाळता सांगत राहिलो, शेवटी पाकिटांवर सूर्य आणि चंद्र काढून दिले. ते गेल्यावर मालक म्हणाले, "तुमच्यासारखा थंड माणूस मी पाहिला नाही. म्हातारी माणसं तुम्हालाच शोधत येतात." मी म्हटलं, म्हातारं माणूस लहान मुलासारखं असतं, त्याच्यावर ओरडणाऱ्याला भर चौकात उभं करायला हवं.


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

वर गेलो. आईला म्हटलं, "मावशी, आता तो माणूस यायचा नाही."

"आज आला होता की," ती म्हणाली. "तोंड उघड, तोंड उघड करत होता."

म्हणजे व्यायामवाला नव्हे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग राहिलं कोण? समोरचे निवृत्त पोस्टमास्तर. रोज सकाळी येऊन आईला वर्तमानपत्र वाचून दाखवतात. तिला ऐकू येत नाही हे माहीत असून वाचतात, म्हणजे ओरडूनच वाचत असणार. आणि तोंड उघडायला सांगणारेही तेच असणार, मोकळं हसा, मोकळा श्वास घ्या, असलं काहीतरी त्यांचं चालूच असतं.

वाचून परत निघाले तेव्हा फाटकातच अडवलं. म्हटलं, "काका, उद्यापासून नका येत जाऊ."

"आईंना माझा त्रास होतो का?"

"बरी राहावी म्हणूनच सांगतोय."

त्यांनी वर्तमानपत्र घडी करून काखेत घातलं. माझ्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही. शाळेत एखादा मुलगा चुकीचं उत्तर ठामपणे सांगतो तेव्हा मास्तर बघतात तसं. "बरं," म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले.

मला त्या नजरेचाही राग आला.

बायको आज सबंध संध्याकाळ आईपाशीच होती. आईला भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली, केस विंचरले. मी रात्रीच्या गोळ्या घेऊन गेलो तेव्हा माझ्या हातातून वाटी घ्यायला बघत होती. म्हटलं, मी देतो, तुझ्याकडून ती घेत नाही. "घेते," ती म्हणाली. वाटी मी सोडली नाही.


१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळ सगळी वायरीच्या टोकांनी खाल्ली. आत केसासारख्या आठ तारा असतात, रंगीत, दोन दोन एकमेकींना पीळ घालून बसलेल्या. पीळ सोडवून सरळ करायच्या, ओळीनं लावायच्या, पारदर्शक टोपीत सरकवायच्या आणि पकडीनं दाबायच्या. मी जोड्या जोड्यांनी लावल्या. नारिंगीची जोडी, हिरवीची, निळीची, तपकिरीची. कुणीही शहाणा माणूस अशाच लावेल. कॅमेऱ्याचा दिवा लागला नाही.

कापलं, पुन्हा केलं. नाही. पुन्हा कापलं. पकड भिंतीवर फेकून मारली. भिंतीचा टवका उडाला, तोही आता मलाच भरायचा आहे.

इंटरनेटवाल्याला फोन केला. तो खात होता काहीतरी. म्हणाला, "हिरवी जोडी फोडलीत का?"

"फोडायची कशाला? जोडी आहे ती."

"फोडायची, काका. मध्ये निळी जोडी बसते. हिरव्या दोघी तिच्या दोन बाजूंना."

"हे कुणी ठरवलं?"

"मी नाही," तो म्हणाला.

फोडल्या. दोन्ही टोकं तशी केली. माळ्यावरून उतरलो तर कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागलेला. फोनवर आईची खोली उघडली. पलंग, खुर्ची, खिडकी, आई. ऐकूही येत होतं, ती काहीतरी गुणगुणत होती. चित्र जरा मागून येतं, एखादा श्वास घेण्याइतकं, असं त्यानं सांगितलंच होतं.

आता ये म्हणावं त्या माणसाला.


त्याच दिवशी, संध्याकाळी

आज यापुढे लिहिणार नाही.


१७ फेब्रुवारी, मंगळवार

त्या कॅमेऱ्याचा आवाज खोटा आहे. छोट्या भोकातून येणारा आवाज कुणाचाही असला तरी किरटा आणि कर्कश येणार. हे मी दोन दिवस स्वतःला सांगतो आहे. दुकानात सांगितलं, रस्त्यानं चालताना सांगितलं, प्रार्थनेला बसलो तिथंही सांगितलं. तिथं ते टिकलं नाही. म्हणून आता जसं झालं तसं लिहितो.

रविवारी दिवस कलताना बहिणीचा फोन आला. तिच्याकडेही चित्र दिसत होतं. रडवेली झाली होती. "दादा, किती शांत बसलीय रे. गातेय." मी म्हटलं, "बघ. उगाच जीव टांगणीला लावला होतास. आता तो माणूस तेवढा सापडू दे." तिला मी सगळं सांगितलं होतं, आई काय म्हणाली ते. कसं कळलं ते तेवढं सांगितलं नव्हतं.

ती म्हणाली, "तू आत जा ना. मला तुम्हा दोघांना एकत्र बघायचंय."

मी फोनवर ते चित्र उघडून, फोन हातात धरून आत गेलो. आईजवळ उभा राहिलो आणि तिला म्हटलं की वर बघ, कॅमेऱ्यात तुझी लेक आहे. एवढंच. रोजच्यासारखं.

आणि फोनमध्ये एक माणूस ओरडला.

पहिलं मनात आलं ते हे की सापडला. मी वळून दाराकडेसुद्धा पाहिलं. दारात कुणी नव्हतं. फोनकडे पाहिलं तर त्यात एक धिप्पाड माणूस पलंगाशी उभा होता, त्याच्या सावलीनं पलंग अर्धा झाकला होता. आईचं गाणं बंद झालं. तिनं गुडघे पोटाशी घेतले आणि एक हात तोंडापुढे धरला. तो माणूस तिच्यावर वाकला आणि ओरडला, वर बघ, वर बघ. काळा सदरा. माळ्याची धूळ अजून खांद्यावर.

मी मान वर करून खऱ्या आईकडे पाहिलं. तिचा हात अजून तोंडापुढेच होता. मी समोर उभा होतो आणि मला तो दिसला नव्हता. फोनमध्ये उशिरा आला तेव्हा दिसला.

बहीण फक्त म्हणाली, "दादा." मग फोन ठेवला.

बाहेर आलो तर बायको पॅसेजमध्ये उभी. विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"मीच सांगितलं होतं तिला कॅमेरा पाठवायला."

"मला सांगायचं."

"सांगितलं होतं. दोनदा. तुम्ही म्हणालात, तिला ऐकू येत नाही."

"ऐकू येतं?"

"मी कुजबुजले तरी वळून बघते. अहो, तुम्ही हाक मारली की ती बहिरी होते."

मला तिचा राग आला. हे लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणीसुद्धा मला तिचाच राग आला. व्यायामवाल्याला काढलं तेव्हा तोंड शिवून का उभी होतीस, म्हणून मी विचारलं. कसं विचारलं ते मला ऐकू आलं. आतून पलंगाची करकर झाली. आईनं पाय पुन्हा जवळ घेतले असणार.


१९ फेब्रुवारी, गुरुवार

पोस्टमास्तरांच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "या, बसा," म्हणाले आणि पाणी दिलं. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. व्यायामवाल्यानं मात्र ऐकून घेतलं. मग म्हणाला, "येतो काका. पण तुम्ही दुकानात असताना येतो."

तीन दिवस हळू बोलून बघतोय. दारात उभा राहत नाही, खाली जमिनीवर बसतो. वायरमनचा आवाज काढतो. तोच तर आवाज आहे, माझाच आहे, दुसरा कुठून आणू? पण तोंड दिसलं की संपलं. आज जमिनीवर बसून हळूच म्हटलं, "मावशी, गोळी घेता का?" तिनं गोळी घेतली, गिळली, तोंड उघडून दाखवलं आणि विचारलं, "तुम्ही कधी जाणार?"

देवाला विचारलं, इतकी वर्षं तुझं नाव घेतलं ते कुठं गेलं? दुकानात जो शांत माणूस उभा असतो तो दाराबाहेर चपलांपाशी राहतो का? देव काही बोलला नाही. त्याच्यावरही आवाज चढला होता माझा.

रागाचं एक कळलं. मी तो सगळीकडे शोधत होतो आणि सगळीकडे मला तो दुसऱ्याचाच वाटला.


२१ फेब्रुवारी, शनिवार

बहीण आली. मला वाटलं होतं, येताच तोफ डागेल. माझी उत्तरं तयार होती. एवढी वर्षं कुठं होतीस, हे पहिलं. पण तिनं पिशवी ठेवली, वहिनीच्या गळ्यात पडली आणि दोघी बराच वेळ तशाच राहिल्या. तेव्हा मी बायकोकडे नीट पाहिलं. मनगटांना पट्ट्या बांधल्या होत्या तिनं. आईला उचलून उचलून. कधीपासून आहेत, मी विचारलं नाही. मला ठाऊक असायला हवं होतं.

बहीण आईच्या खोलीत गेली. आईनं तिला ओळखलं नाही, पण हात धरू दिला.

जेवताना ती म्हणाली, "उद्या घेऊन जाते. माझ्याकडे दिवसभराला एक ताई ठेवलीय. वहिनीलाही आराम मिळेल."

"कायमची?"

"दादा, तिला तुझी भीती वाटते."

"मी बदलतोय."

"तुला बदलायला वेळ आहे," ती म्हणाली. "तिला नाही."

मी ताट तसंच ठेवून उठलो. भिंतीला डोकं टेकून उभा राहिलो. रागच होता तो, दुसरं नाव देत नाही. पण या वेळी कुणावर काढावा असं माणूस सापडेना.


२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी गाडी आली. आईचं सामान गाडीत गेलं आणि आई पलंगाचा गज धरून बसली. बहिणीनं समजावलं, बायकोनं समजावलं. ती ऐकेना. म्हणाली, "आधी वायरमनला विचारते."

"कोण वायरमन?" बहिणीनं विचारलं.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. खाली काय ऐकू जात नाही? "जा वर," ती म्हणाली.

स्टूल लावून चढलो. रांगत वायरीच्या कडेकडेनं आईच्या खोलीवर गेलो आणि भोकाशी तोंड नेलं.

"मावशी."

"आलास का? ही मुलगी मला घेऊन जाते म्हणते. तिच्या घरी. जाऊ का?"

खाली बहीण छताकडे बघत उभी होती. तिनं तोंडावर हात दाबला होता.

एक शब्द पुरला असता. नका जाऊ, एवढंच म्हणायचं होतं, आणि कुणी कितीही ओढलं असतं तरी तिनं गज सोडला नसता. या जगात ती आता फक्त माझंच ऐकते. इथं पालथा पडलो असताना ऐकते. मी म्हटलं असतं तर ती राहिली असती, आणि संध्याकाळी मी गोळ्या घेऊन दारात उभा राहिलो असतो.

"वायरमन? गेलास का रे?"

"नाही, मावशी. आहे."

"तिकडे तो माणूस येतो का?"

"नाही येत."

"तुला काय ठाऊक?"

"मी ओळखतो त्याला. तो इथंच राहणार आहे."

ती विचारात पडली. मग गज सोडल्याचा आवाज आला. "मग जाते," ती म्हणाली. "पण मी कुठं गेले ते त्याला सांगू नकोस हं."

"नाही सांगत."

त्या तिघींची पावलं पॅसेजमधून माझ्याखालून गेली. आई मध्येच काहीतरी बोलली आणि बहीण हसली, रडत असल्यासारखी. पुढचं दार उघडलं. गाडीचं दार लागल्याचा आवाज कौलांपर्यंत आला. मी खाली उतरलो नाही. उतरलो असतो तर तिला दिसलो असतो.